ढिगाखालचा मेल

बुधवारी सकाळी ताई लॅबमध्ये आली, पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि नेहमीसारखे मेल उघडले. एरवी रात्रीतून फार तर सात-आठ मेल यायचे, तेही दातांच्या डॉक्टरांचे. कुणाच्या कवळीची मापं, कुणाच्या दातांच्या रंगाचा फोटो, कुणाची तक्रार. त्या दिवशी चौदाशे बारा होते. आकडा वाचायला तिला दोनदा बोट लावून मोजावं लागलं, आणि तेवढ्यात त्याचे चौदाशे एकोणीस झाले.

ताई बत्तीस वर्षं कवळ्या बनवत होती. डॉक्टर तोंडातलं माप घेऊन पाठवायचे. त्यावरून ती प्लास्टरचा साचा काढायची, गुलाबी मेणाची हिरडी चढवायची आणि एकेक दात बसवायची. लॅबमध्ये सगळेच तिला ताई म्हणत, मालकसुद्धा. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आईबरोबर राहिली, आई गेल्यावर त्याच दोन खोल्यांत एकटी.

आलेले मेल काही केल्या समजेनात. एक मेंढ्या पाळणाऱ्यांच्या संघटनेचा होता. एक जहाजांना रंग लावणाऱ्या कारखान्याचा, एक कुठल्याशा गायनमंडळाचा, एक डाव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठी पेनं विकणाऱ्या दुकानाचा. कितीतरी अशा लिपीत की अक्षर कुठे सुरू होतं तेही कळू नये. आणि गंमत म्हणजे त्यातलं कुणीच काही मागत नव्हतं. पैसे नाहीत, पासवर्ड नाही, बक्षीस लागल्याची थाप नाही. सगळे नुसते आभार मानत होते: आमच्याकडे नाव नोंदवल्याबद्दल धन्यवाद, आपलं स्वागत आहे.

शेजारच्या टेबलावर कवळ्यांना चकाकी आणायचं काम करणारा माणूस होता, त्याला सगळे पॉलिशवाला म्हणत. तो मान वाकडी करून पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ताई, नोकरी सोडून मेंढ्या पाळायचा विचार असेल तर निदान आम्हाला आधी सांगायचं. ताई हसली, पण डोकं चालेना. फसवायचं असेल तर समजू शकतं. नुसतं स्वागत करून कुणाला काय मिळणार?

दुसऱ्या दिवशी लॅबचे कॉम्प्युटर बघणारा माणूस आला. तोवर आकडा साडेतीन हजारांवर गेला होता. त्याने खुर्ची ओढली, पाच मिनिटं वर-खाली बघितलं आणि म्हणाला की हा प्रकार त्याला ठाऊक आहे. कुणीतरी ताईचा पत्ता घेऊन हजारो ठिकाणी तिच्या नावाने नोंदणी केली होती. ते करायला प्रोग्राम असतात, माणसाला बसून काही करावं लागत नाही. हे मेल पाठवणाऱ्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही, त्यांना वाटतं तुम्हीच नाव घातलंत.

ताईने विचारलं, पण कशासाठी?

"ताई, हा कचरा वाचण्यासाठी नसतोच," तो म्हणाला. "याच्या खाली काहीतरी पुरलेलं असतं. एकच खरा मेल आलेला असतो आणि तो तुम्हाला दिसू नये एवढ्याचसाठी वर हा ढिगारा ओततात. बहुतेक वेळा बँकेचा असतो."

त्याने तिच्यासमोर बँकेत फोन लावून खात्री करून घेतली. तिथे सगळं जागच्या जागी होतं. नवीन कार्ड नाही, कुणी पत्ता बदललेला नाही, काही नाही. तो जरा हिरमुसलाच. मग म्हणाला की एवढं करूनही काही निघत नाही, तर कुणाची तरी टवाळी असेल, नाहीतर चुकीच्या पत्त्यावर झालं असेल. सगळं एका झटक्यात पुसून टाकू, आणि उद्यापासून गाळणी लावून देतो. त्याचं बोट बटणावर होतं.

ताईने त्याला थांबवलं. त्यात डॉक्टरांचे फोटोही अडकले होते, हे एक कारण. दुसरं तिने बोलून दाखवलं नाही. बिघडलेला साचासुद्धा ती हातात घेऊन, उजेडात फिरवून बघितल्याशिवाय फेकत नसे. जे न बघता टाकायचं, त्याची तिला मनापासून भीती वाटायची.

म्हणून ती एकेक मेल उघडून बघायला लागली. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत, घरी संध्याकाळी चहा घेता घेता. आधी फक्त पाठवणाऱ्याचं नाव बघून पुसायची. मग वाटलं, लपवणारा हुशार असेल तर नावावरून कसं कळणार, म्हणून पुसलेलेही परत काढले आणि सगळ्यात वरून, नव्यापासून पुन्हा सुरुवात केली. पुसावेत तेवढे नवे येत. पॉलिशवाला रोज सकाळी विचारायचा, सापडला का चोर. त्याचे तर्क चालू असायचे. पलीकडच्या रस्त्यावरच्या लॅबवाल्यांचं काम असेल. घरमालकाचं असेल. कुणी जुना प्रेमी तर नाही? ताई म्हणाली, जुना प्रेमी असता तर त्याची कवळी मीच बनवली असती एव्हाना.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिला आतून थोडं बरंही वाटत होतं. तिच्यापासून काही लपवावं असं कुणाला तरी वाटलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत तिला काही सांगावं असंही कुणाला वाटलं नव्हतं.

बाराव्या दिवशी, रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला तो सापडला. पाठवणाऱ्याच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे होते, विषयाची ओळ कोरी. तिने तो पुसायला घेतला होता. पण उघडून बघायचं ठरवलं होतं, म्हणून उघडला.

"ताई," असं पहिल्या ओळीत होतं. खाली लिहिलं होतं:

"मी आहे. घशाचा आजार झालाय, वर्ष होऊन गेलं. आता बोलता येत नाही म्हणून फोन केला नाही. डॉक्टर फार दिवस देत नाहीत. जमलं तर ये. भांडण होणार नाही, माझ्याकडे आवाजच राहिला नाही. एकच विचारायचं आहे. आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली होती का? तेव्हा तू नाही म्हणालीस. मला ते कधीच खरं वाटलं नाही. पत्ता तोच आहे."

खाली नाव नव्हतं. नावाची गरज नव्हती. जगात ताईला ताई म्हणणारे पुष्कळ होते, पण ज्या एकीचा तो हक्क होता तिने तो अकरा वर्षं वापरला नव्हता.

मेलवर तारीख होती त्या आधीच्या मंगळवारची, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांची. म्हणजे बारा दिवसांपूर्वीची. मेंढीवाल्यांचा मेल, सगळ्यात पहिला, त्याच संध्याकाळी सहाला आला होता. ताई मेल दिवसातून एकदाच, सकाळी कामावर आल्यावर उघडायची.

ताईने "निघते आहे" एवढं उत्तर लिहिलं, दोन साड्या पिशवीत टाकल्या, पॉलिशवाल्याला फोन करून मालकांना सांगायला सांगितलं आणि दीडची बस पकडली. सगळं इतकं भरभर झालं की गॅस बंद केला की नाही हे तिला बसमध्ये आठवेना.

साडेपाच तासांचा रस्ता. खिडकीशी बसून ताईच्या मनात येत होतं ते अकरा वर्षांपूर्वीचं. आई तेव्हा आठ महिने अंथरुणाला खिळली होती. धाकटी बहीण लांब राहायची. नवरा वेगळा झालेला, पदरात अकरा वर्षांची मुलगी. त्या मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि नेमकं त्याच आठवड्यात आईचं जास्त झालं. आईनेच ताईला बजावलं, तिला काही कळवू नकोस, लेकीचं ऑपरेशन पार पडू दे, आत्ता तिच्या जिवाला दुसरा घोर नको. ताईने कळवलं नाही. धाकटी रोज फोनवर विचारायची, आई कशी आहे, आणि ताई सांगायची, आहे तशीच. गुरुवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी पहाटे आई गेली.

धाकटी आली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती रडली नाही. तिने विचारलं, आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का? ताई म्हणाली, नाही, काही बोलली नाही, शांत गेली. धाकटी म्हणाली, कोणी कुणाला केव्हा भेटायचं हे तू ठरवलंस. त्यानंतर दोघी कधी बोलल्या नाहीत. आधी रागाने, मग सवयीने.

बसमध्ये एकदा तिच्या मनात येऊन गेलं की हाच तो पुरलेला मेल असेल का. पण मरायला टेकलेल्या बाईचा मेल कोण कशाला लपवेल, असं म्हणून तिने तो विचार बाजूला सारला.

दार भाचीने उघडलं. अकरा वर्षांची असताना बघितलेली मुलगी आता बावीस वर्षांची होती. अंगात आईचा स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या. ती ताईकडे आणि पिशवीकडे बघत राहिली.

"मावशी," ती म्हणाली. "आई बुधवारी गेली."

ताई आत आली, पिशवी भिंतीशी ठेवली आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसली. बुधवारी म्हणजे चार दिवसांपूर्वी. त्या बुधवारी संध्याकाळी आपण काय करत होतो ते तिला लख्ख आठवलं. आकाशकंदिलांएवढ्या टपोऱ्या गुलाबांची रोपं विकणाऱ्या कुणाचा तरी मेल बघत बसलो होतो, आणि फुलं छान वाटली म्हणून तो पुसायच्या आधी क्षणभर थांबलो होतो.

त्या संध्याकाळी भाचीने पोळ्या केल्या, ताईने भाजी परतली. पुढच्या खोलीत दवाखान्याची भाड्याची कॉट अजून तशीच होती, उशीवर खोलगट भाग होता. नळीतून द्यायच्या दुधाची पाकिटं खोक्यात उरली होती. ताईने विचारलं, त्रास झाला का तिला? भाची म्हणाली, शेवटचे दोन दिवस नाही. मग बराच वेळ ती ताटात बोटाने काहीतरी गिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची कॉटच्या दुकानात बोलायला म्हणून गेली आणि ताई खोली आवरायला लागली. कॉटच्या बाजूच्या स्टुलावर पाच वह्या होत्या, शाळेच्या असतात तशा. आवाज गेल्यावर धाकटी त्यांत लिहून बोलायची. ताईने एक उघडली. नुसतं धाकटीचंच बोलणं होतं त्यात. समोरच्याने काय विचारलं, काय उत्तर दिलं, ते कुठेच नाही. "पाणी." "खिडकी लाव." "तू जेवलीस का, खरं सांग." "नर्स आज तोऱ्यात आहे." "मला हसवू नकोस, टाके आहेत." ताई उभ्याउभ्याच वाचत गेली. धाकटीचं अक्षर शाळेत होतं तसंच होतं, डावीकडे कललेलं. अकरा वर्षांनी ती बहिणीचं बोलणं ऐकत होती.

शेवटच्या वहीत एका पानावर अक्षर मोठं आणि वेडंवाकडं झालं होतं.

"ताईला सकाळी मेल केला. तो परत घे."

त्याखाली पुन्हा: "परत घे म्हणते ना." त्याखाली: "ती येईल आणि रडेल. तिची समजूत मलाच घालावी लागेल. बोलता येत नाही, कशी घालू? तेवढं बळ नाही माझ्यात." आणि मग "परत घे", "परत घे", असं पान भरून, पेन टोचून कागद दोन ठिकाणी फाटलेला.

भाची परत आली तेव्हा ताई ती वही मांडीवर उघडी ठेवून बसली होती. तिने काही आरोप केला नाही. आपल्याकडे काय झालं एवढंच सांगितलं. मेंढीवाले, जहाजाचा रंग, सहा हजार मेल, कॉम्प्युटरवाल्याचं म्हणणं. म्हणून मेल सापडायला बारा दिवस लागले, नाहीतर त्याच दिवशी निघाले असते.

भाचीने चपला काढल्या नव्हत्या. ती दारातच उभी राहून म्हणाली, "ते मी केलं."

मग तिने सगळं सांगितलं, न थांबता, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती. ती नोकरी करायची ती कंपनी दुकानांच्या जाहिरातींचे मेल लाखो लोकांना पाठवायची. लोक नाव नोंदवतात ते फॉर्म नीट चालतात का, हे तपासायला त्यांच्याकडे एक प्रोग्राम होता. त्या मंगळवारी ती कामावरून आली तेव्हा आई कॉटवर उठून बसली होती आणि वही पुढे करत होती. एवढ्या तासांनी मेल परत घेता येत नाही, हे भाचीला माहीत होतं. पण आई थांबेना. श्वास लागला, ओठ निळे पडले. तेव्हा भाचीने लॅपटॉप उघडला, ताईचा पत्ता त्या प्रोग्राममध्ये घातला आणि आईला सांगितलं, घेतला परत. आईने वही मिटली आणि झोपली. त्या आठवड्यात प्रथमच चार तास सलग झोपली.

"मला वाटलं तू सगळं एकदम पुसून टाकशील," ती म्हणाली. "सगळे तेच करतात."

ताईने विचारलं की मग तू तरी मला का नाही कळवलंस, गुपचूप? भाचीने सांगितलं, आईने माझ्याकडे काही मागायचं कधीच सोडून दिलं होतं. मरताना एक गोष्ट मागितली. तीही मी तिला हो म्हणून तिच्या मागे मोडू?

ताई उठली, पदर खोचला आणि जिना उतरून रस्त्यावर आली. इतका राग तिला पूर्वी कधी आला होता हे आठवत नव्हतं. इमारतीला लागून कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं, त्याच्याबाहेरच्या बाकावर ती बसली. आत बाई चादरींच्या घड्या घालत होती आणि दर घडीला टेबलावर हात आपटत होती. बावीस वर्षांच्या पोरीने ठरवावं की मी माझ्या बहिणीला बघायचं की नाही. कोण लागून गेली ही? आईने सांगितलं म्हणून काय झालं, आजारी माणूस काय वाटेल ते बोलतं, आपल्याला अक्कल नको?

हे सगळं मनात म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ही वाक्यं तिची नाहीत. आईला जाऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा मागच्या दाराशी उभं राहून धाकटी हेच म्हणाली होती. शब्दही फारसे वेगळे नव्हते. आणि त्या वेळी ताईने उत्तर दिलं होतं, आईनेच सांगितलं होतं, मी काय करणार.

दुकानातल्या बाईने काचेतून बघितलं, बाहेर येऊन विचारलं, पाणी हवंय का. ताईने मान हलवली. बाईने तरी आणून दिलं. ते पिऊन ती वर गेली.

भाची स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. ताईला आता खाली बसायला त्रास व्हायचा, तरी ती बसली. थोड्या वेळाने म्हणाली, तुझ्या आईने मेलमध्ये एक विचारलं होतं. ते तिला सांगता आलं नाही, तर तुला सांगते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मग तिने सांगितलं. आईने कळवू नकोस म्हटलं होतं, हे खरं. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी आईने मत बदललं. ताई तिचं तोंड पुसत होती, तेव्हा आईने मनगट धरलं आणि म्हणाली, "तिला बोलाव. नुसतं बघून जाऊ दे." स्पष्ट म्हणाली, भ्रमात नव्हती. संध्याकाळी पुन्हा विचारलं, निघाली का? ताई म्हणाली, हो, निघाली.

"आणि तू फोनच केला नाहीस," भाची म्हणाली.

"नाही केला."

"माझं ऑपरेशन होतं म्हणून?"

ताईला हो म्हणता आलं असतं. अकरा वर्षं तिने स्वतःला तेच सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पण समोरची मुलगी आदल्या तासाला दारात चपला घालून उभ्याउभ्या सगळं खरं बोलली होती.

"तुझं ऑपरेशन निमित्त झालं," ताई म्हणाली. "आठ महिने मी तिचं सगळं केलं. उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं. एकदाही तिने माझं नाव प्रेमाने घेतलं असं मला आठवत नाही. आणि शेवटी मनगट धरलं ते तिला बोलाव म्हणून. मला राग आला गं. वाटलं, एक दिवस थांबू दे. फक्त एक दिवस. गुरुवारी फोन करणार होते. गुरुवारी करेकरेपर्यंत आईची शुद्ध गेली होती."

भाची तिच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती, आणि ताईला ती अपेक्षितही नव्हती.

"ती दरवर्षी एकदा तरी हे बोलायची," भाची म्हणाली. "आजीने मला बोलावलं नाही, म्हणायची. आजीला मी नकोशी झाले होते, असं वाटायचं तिला. तुझ्याकडे अकरा वर्षं होती, मावशी."

ताई म्हणाली, होती. रोज उद्यावर ढकललं.

भाची उठून गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे काढायला लागली. चिमटे डब्यात पडल्याचा आवाज एकेक करून येत राहिला. परत आली तेव्हा तिने स्टुलावरची शेवटची वही उघडून एक पान ताईसमोर धरलं. मंगळवारचं होतं, म्हणजे धाकटी गेली त्याच्या आदल्या दिवशीचं. अक्षरं इतकी पुसट की तिरपं धरून वाचावं लागलं. "ताईला कळलं का?"

"मी सांगितलं, नाही कळलं, मेल परत घेतला ना," भाची म्हणाली. "तिने डोळे मिटले. तिला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. मावशी, ती तू यावंस म्हणून विचारत होती का?"

ताईने पान पुन्हा पुन्हा वाचलं. तिला हो म्हणायचं नव्हतं, कारण मग ही मुलगी आयुष्यभर ते उराशी घेऊन फिरली असती. नाही म्हणायचं तर आपल्यालाच ते खोटं वाटत होतं. शेवटी ती म्हणाली की मला माहीत नाही, आणि आपल्या दोघींनाही ते कधी कळणार नाही. भाचीने वही घेतली आणि प्रथमच रडली. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. समजूत घालण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून ती नुसती बसून राहिली.

ताई आणखी चार दिवस तिथे होती. कॉट परत गेली, उरलेली दुधाची पाकिटं दवाखान्यात दुसऱ्या एका रुग्णाला दिली. कपाट दोघींनी मिळून आवरलं. वह्या भाचीने ठेवून घेतल्या. शेवटच्या दिवशी ती ताईला सोडायला बसपर्यंत आली, पिशवी वर चढवून दिली आणि बस सुटायच्या आधीच वळून चालायला लागली.

लॅबमध्ये काम साचलं होतं. पॉलिशवाल्याला कळलं होतं, मालकांनी सांगितलं असावं. त्याने चोराबद्दल काही विचारलं नाही. ताईच्या टेबलावरचे साचे त्याने ओळीने लावून ठेवले होते, प्रत्येकावर डॉक्टरचं नाव लिहून. पुढचे काही दिवस तो जेवणाच्या सुट्टीत तिच्या समोर येऊन बसायचा आणि डबा संपेपर्यंत आपल्या जावयाची गाऱ्हाणी सांगायचा. ताई ऐकून घ्यायची.

भाचीचा फोन आला नाही. ताईने दोनदा केला, तो उचलला गेला नाही. पाच आठवडे गेले. मग एका रविवारी सकाळी फोन वाजला.

"मला अजून तुझा राग येतो," पलीकडून भाची म्हणाली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"येऊ दे," ताई म्हणाली. "पण फोन करत जा."

"तुला माझा येतो का?"

ताईने विचार केला. "येतो अधूनमधून. सकाळी उठल्यावर जास्त येतो."

भाचीने सांगितलं की तिने ती नोकरी सोडली आणि एका छापखान्यात लागली आहे, पगार कमी आहे, पण जवळ आहे. घरात खूप शांत वाटतं म्हणून ती रेडिओ लावून ठेवते. काल तिने आईच्या पद्धतीने आमटी करायचा प्रयत्न केला आणि ती जमली नाही. ताईने सांगितलं की तुझ्या आईचीही कधी जमायची नाही, लहानपणी तिची आमटी आम्ही डोळे मिटून प्यायचो. भाचीने नाकातून हवा सोडली, ते हसणं होतं की काय कळलं नाही.

मग तिने विचारलं, तू काय करते आहेस? रविवारचीसुद्धा?

ताईने घरी एक काम आणलं होतं. एका आजोबांची खालची कवळी तिसऱ्यांदा बनवत होती, ती काही केल्या बसत नव्हती. भाचीने विचारलं, का बसत नाही? ताईने चष्मा डोक्यावर सरकवला, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि दात पडल्यावर माणसाची हिरडी वर्षावर्षाला कशी झिजत जाते, ते सांगायला लागली.